ड्राइव्हमधलं कुंकू

जुन्या पर्सनल कॉम्प्युटरांविषयी मी मराठीत पॉडकास्ट करते. ऐकणारे थोडे आहेत, पण शेवटपर्यंत ऐकतात आणि काही चुकलं तर लगेच कळवतात. माझा नियम एकच. यंत्र माइकसमोर चालू झालं पाहिजे. नुसत्या आठवणींवर मी भाग करत नाही. आठवणीत सगळ्यांचेच कॉम्प्युटर जोरात चालतात.

चिंचपोकळीच्या बाईंनाही हे मी फोनवरच सांगितलं होतं. बाई म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, चाळीतल्या आपल्या खोलीत एकेकाळी कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की क्लासच्या एकुलत्या एका मशीनवर मराठी अक्षरं उमटत नव्हती तेव्हा त्यांनी स्वतः बेसिकमध्ये प्रोग्राम लिहिला. आलेखाच्या वहीत एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं, ठिपक्यांचे आकडे केले आणि पडद्यावर 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत उमटवलं. वही पावसाळ्यात गेली. क्लासची मुलं पांगली. उरलं ते बंद पडून असलेलं मशीन आणि एक मोठी, वाकणारी फ्लॉपी, रेशनकार्डाच्या डब्यात जपलेली. घरात या गोष्टीवर कुणाचा विश्वास नव्हता.

मी गेले तेव्हा खोलीत निम्मं सामान बांधलेलं होतं. चाळ पाडणार होते आणि बाईंना दोन दिवसांत संक्रमण शिबिरात जायचं होतं. धाकटा भाऊ दोऱ्या आवळत होता.

"गो ताय, ह्या डबडा भंगारात घाल आता," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुम्हालाही सांगितलं का, मराठी कॉम्प्युटर हिनेच काढला म्हणून? लग्नाच्या पंगतीत पण सांगते."

"तुका काय कळता त्यातला?" बाई म्हणाल्या. "दोरी बांध."

बोलल्या ठसक्यात, पण फ्लॉपी माझ्या हातात देताना पाकीट सोडेनात. मला त्यांचं कळलं. फ्लॉपी चालली तर चालली. नाही चालली, तर तीस वर्षं सांगितलेली गोष्ट कायमची थाप ठरणार होती, तीही माझ्या माइकवर.

मी फ्लॉपी टेबलावर ठेवली. पाहुण्यांची फ्लॉपी पहिल्यांदा कधीच घालायची नाही. मशीन उघडलं, धूळ काढली, वीजपुरवठा तपासला, पंखा फिरतोय ना बघितलं. मग मशीन सुरू करायची माझ्याजवळची डॉसची फ्लॉपी आत सारली. खर्र, खर्र, टक. काहीच वाचलं नाही. बाहेर काढली तर तिच्या काळ्या चकतीवर लाल वर्तुळ ओरखडलेलं.

"रक्त कसलं?" भाऊ जवळ येऊन म्हणाला.

रक्त नव्हतं. मी विचारलं, "बाई, दसऱ्याला मशीनची पूजा करायचात?"

"दरवर्षी. क्लास बंद झाला तरी."

"कुंकू कुठे लावायचात?"

बाईंनी बोट दाखवलं. बरोबर फ्लॉपी जिथे आत जाते त्या फटीवर. मुलांची विद्या तिथूनच आत जाते, म्हणून तिथेच. वर अक्षता.

मी बौद्ध घरातली, आमच्याकडे यंत्राला कुंकू लावायची पद्धत नाही. पण गिरगावात एका छापखान्यात मी नऊ वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या. तिथले मालक दसऱ्याला सगळ्या कॉम्प्युटरांची पूजा करायचे, आणि ते हळदकुंकवाचं ताट घेऊन यायच्या आत ड्राइव्हच्या फटींवर चिकटपट्टी लावणं हे माझं काम. कुणी सांगितलं नव्हतं. एक ड्राइव्ह गेल्यावर मीच सुरू केलं होतं. चिंचपोकळीत चिकटपट्टी लावणारं कुणी नव्हतं.

ड्राइव्ह खोलला. वाचणाऱ्या हेडवर कुंकवाचा थर बसून दगड झालेला. बाजूला तांदळाचे सात दाणे.

"म्हणजे मीच बिघडवला," बाई म्हणाल्या.

"साफ होतो," मी म्हटलं. होतोच असं नाही, पण त्या वेळी दुसरं काय सांगणार?

कापसाच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन तासभर बसले. जोर लावला तर हेड वाकतं, म्हणून नुसतं भिजवायचं, टिपायचं, परत भिजवायचं. सोळा काड्या लाल झाल्या, सतरावी पांढरी आली. माझी दुसरी फ्लॉपी घातली. हिरव्या अक्षरांत डॉस उभं राहिलं. काढून बघितली, चकती स्वच्छ. हे काम मला चांगलं जमतं आणि हे म्हणायला मी लाजत नाही.

मग बाईंची घातली. रेकॉर्डिंग चालूच होतं. खर्र. वाचता येत नाही. पुन्हा. वाचता येत नाही.

"आणखी एकदा कर," बाई म्हणाल्या.

"नाही. फिरवत राहिलं तर आहे तेही खरवडून जाईल."

फ्लॉपी काढली, हेड परत पुसलं. अठरावी काडी किंचित गुलाबी आली. फ्लॉपी घातली. बराच वेळ टकटक, मग शांत. बेसिकमध्ये प्रोग्राम वाचला गेला होता. बाईंनी चष्मा लावला आणि एका बोटाने 'रन' टाइप केलं.

टुंई. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'अ' उभा राहिला. टुंई. 'आ'. प्रत्येक अक्षराला एक आवाज होता, मुलांचं लक्ष राहावं म्हणून बाईंनी घातलेला. ऐकणाऱ्यांना दुसरं काय दाखवणार होते मी? भागात ते सगळे आवाज आहेत, एकही कापला नाही.

'ज्ञ' झाल्यावर बाईंनी प्रोग्रामच्या ओळी पडद्यावर मागवल्या. आकड्यांच्या रांगा वर सरकत राहिल्या. थांबेचनात.

भाऊ हातात दोरी घेऊन उभा. "ह्या सगळा तू लिवलंस?"

"मगे काय तुझ्या मेवण्यान लिवल्यान?"

तो हसला नाही. स्टूल ओढून पडद्यासमोर बसला आणि शेवटची ओळ येईपर्यंत बघत राहिला.

मी फ्लॉपीच्या तीन प्रती काढल्या. मग माझ्या लक्षात आलं, पाहुण्यांची ओळख करून देताना सकाळी मी 'क्लास चालवणाऱ्या बाई' एवढंच म्हटलं होतं. ते पुसून परत रेकॉर्ड करायला घेतलं. "आज आपल्यासोबत आहेत एक प्रोग्रामर," मी सुरुवात केली. "यांनी मराठी अक्षरांचा प्रोग्राम..."

"एकटीने लिहिला," भाऊ मध्येच बोलला. "तेपण सांगा."

तेपण सांगितलं.