अनवाणी टाच

आदिलाबादला आमच्या घराला लागून भाड्यानं दिलेल्या तीन खोल्या होत्या. नळाचं आणि फरशीचं काम करायला तिथे वर्षानुवर्षं एकच मिस्त्री यायचा. खोली माझी असली तरी तो उंबऱ्याबाहेर चपला काढून भाडेकरूलाच विचारायचा, "बाई, येऊ काय आत?" मला ते खटकायचं.

एका उन्हाळ्यात मधल्या खोलीतली शहाबादी फरशी सतत ओली राहू लागली. तिथे राहणाऱ्या मास्तरीणबाईच पाणी सांडतात, असं ठरवून मी त्यांना खोली सोडायला सांगितलं. मग त्या खोलीत सामान बांधत असतानाच मिस्त्रीला बोलावलं. डोळे मिटून, अनवाणी टाचेनं एकेक फरशी दाबत तो भिंतीजवळ जाऊन थांबला. "इथून येऊन राह्यलं पाणी," म्हणाला, आणि तेवढी एकच फरशी त्यानं उचलली. खाली माझ्या स्वयंपाकघरातून आलेला पाइप झिरपत होता. महिनाभर मला जे सापडलं नाही, ते त्या टाचेला चार पावलांत सापडलं होतं.

"मालक, पाणी तर तुमच्याच घरचं हाय," तो हळूच म्हणाला. "बाईले काऊन काढून राह्यले?"

मी खाली पाहिलं. त्या खोलीत पायात चपला असलेला मी एकटाच होतो.