खळीची नाव

"बुडनारच नाही, गुरुजी. कायले बुडन?" असं म्हणत आमचे शेजारी, एक विणकर, थर्माकोलचा तुकडा हौदात दाबून धरायचे आणि एकदम सोडायचे. तुकडा उसळायचा, पाणी माझ्या अंगावर. शाळेत विज्ञान मी शिकवायचो, प्रयोग मात्र ते करायचे.

पवनीला आमच्या शेजारी त्यांचा हातमाग होता. तुमच्याही गल्लीत असा एखादा शास्त्रज्ञ असेलच. आमचा लुगडी विणायचा. गावात तेव्हा टीव्ही नुकते येत होते. लोक टीव्ही बघायचे, हे टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल मागून आणायचे.

त्या थर्माकोलची त्यांना नाव करायची होती. नावेचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. एकुलती एक लेक वैनगंगेपलीकडे दिलेली. आदल्या पावसाळ्यात तिचं तान्हं मूल गेलं. पुरामुळे पलीकडे नेणारी होडी, म्हणजे डोंगा, बंद होता, यांना कळलं ते पूर ओसरल्यावर. तेव्हापासून त्यांना स्वतःची नाव हवी होती.

नागपूरहून थर्माकोलच्या पाट्या आणि फायबरचं रसायन आलं. दुकानदाराने रसायन दिलं, अक्कल दिली नाही. पाट्या जोडून केलेल्या नावेवर रसायनाचा पहिला हात फिरवताच थर्माकोल विरघळलं आणि चार महिन्यांच्या मेहनतीची चाळणी झाली. मी मोठ्या सहानुभूतीने विचारलं, "आता हिच्यात धान चाळायचं का?"

"खळ लावाची राहून गेली," एवढंच ते म्हणाले.

विणकराच्या घरी सगळ्या रोगांवर खळ हेच औषध. सुताला लावतात ती तांदळाची खळ त्यांनी नव्या थर्माकोलला चोपडली, जुन्या लुगड्यांचे थर चिकटवले, वाळवले आणि मग वर रसायन दिलं. थर्माकोल शाबूत राहिलं! माझं विज्ञान गप्प बसलं. उंदरांना मात्र खळ आवडली, त्यांनी एक टोक कुरतडलं.

त्या वर्षीच्या श्रावणात ते मागावरच कोसळले. नदी दुथडी भरलेली. "पोरगी आली का?" हा एकच प्रश्न. लेकीला आणायला डोंगेवाला पुरात डोंगा टाकायला तयार होईना, पण ही नाव दाबून, हलवून बघितल्यावर वल्हं घेऊन निघाला. सोबत मी बसलो. वर्षभर केलेल्या थट्टेची मला फार लाज वाटत होती.

लेकीला घेऊन येताना कुरतडलेल्या टोकातून पाणी शिरलं, खळ सुटली, लुगड्यांचे थर लोंबू लागले. आम्ही गुडघाभर पाण्यात बसलो होतो, पण थर्माकोल तरंगत राहिलं. लेक धावतच घरात गेली. त्यांनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"पानी आत आलं का, गुरुजी?"

"थेंबसुद्धा नाही," मी म्हणालो. माझ्या पायजम्यातून त्यांच्या जमिनीवर पाणी गळत होतं. ते बघून ते हसले, आणि संध्याकाळी लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून गेले.