आप्पांचं नाक

आप्पा आधी बाटली हुंगायचे, मग ती आणणाऱ्याकडं बघायचे. माकणीच्या धरणाकडच्या आमच्या गावात फवारणीचं औषध कुणीही आणलं, की ते पहिल्यांदा आप्पांच्या ओट्यावर यायचं. टोपण उघडून नाकाखालून एकदा फिरवायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "असल हाय. पंपाला दीड टोपण घाल." नाहीतर, "इल्ला, असल न्हाय, पाणी घातलंय ह्यात. परत दे जा." बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायच्या भानगडीत गावात कुणी पडत नव्हतं. आप्पा होते ना!

ते माझे चुलत सासरे, भिंतीला भिंत लागून घर. मी लग्न होऊन आले तेव्हा जावांनी मला पहिलीच सूचना दिली, की आप्पा ओट्यावर असले तर फोडणी जपून कर. खोटं नव्हतं ते. बाहेरून ओरडायचे, "सूनबाई, मोहरी करपली की गं!" आणि मेली खरंच करपलेली असायची. असा राग यायचा मला! पण मला पहिल्या खेपेला दिवस राहिले, अन्नाचा वास सोसेना, तेव्हा ह्याच माणसानं रोज सकाळी कागदी लिंबाची ताजी पानं खिडकीत आणून ठेवली. "चुरगाळ आन् हुंग. जीव जाग्यावर येतोय." तेव्हापासून आमचं जमलं.

फवारणी ते आपल्या शेतात करायचेच, दुसऱ्यांच्याही करून द्यायचे. अंगात बनियन, पाय उघडे, आणि बादलीतलं औषध थेट हातानं ढवळायचं. मी म्हणायचे, "आप्पा, मोजे तरी घाला हातात." ते हसायचे. "मोजं घातल्यावर मिसळलं का न्हाय कसं कळंल? आमचं कातडं लई मुरलंय." घरी आले की गुळाचा खडा तोंडात टाकायचे, गुळानं विष उतरतं म्हणून. त्यांचे थोरले भाऊ नाना तसेच. दोघांनी एकाच शिवारात, एकाच पंपानं जन्म काढला.

एका वर्षी तुरीला फुलं लागली होती तेव्हाची गोष्ट. माझी फोडणी अशी करपली की घरात धूर कोंडला. ओट्यावरून आवाज नाही. बाहेर येऊन बघते तर आप्पा निवांत बसलेले. मला वाटलं, चला, म्हातारपणी तरी माणूस सुधारला. देवाशप्पथ, मला बरं वाटलं. आता त्याची लाज वाटते.

त्याच हंगामात ते औषधाला शिव्या द्यायला लागले. "दम ऱ्हायला न्हाय मालात. वासच न्हाय! तीन टोपणं घाला." दुकानदार शपथेवर सांगत होता की माल तोच आहे. पण दुकानदाराचं कोण ऐकतो? सगळ्या गावानं तीन टोपणं घातली. माझा नवरा बसू, त्यानंही घातली. फवारून आला की त्याचे डोळे चुरचुरायचे, तोंडातून लाळ गळायची, डोकं धरून बसायचा. मी म्हणायचे, ऊन लागलं असेल, कांदा लाव. पुढच्या साली आप्पांनी चार टोपणं सांगितली.

मग त्यांना सदऱ्याची गुंडी लागेना. उजव्या हाताची बोटं आपोआप हलायची, पाऊल ओढल्यासारखं पडायचं. बसूनं आणि मी त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी हात बघितला, चालायला लावलं आणि भलतंच विचारलं, "आजोबा, वास यायचा कधी बंद झाला?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.  आप्पा म्हणाले, "मला वाटलं, औषधातच वास न्हाय."

डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाक जातं. एकेका माणसाचं कारण छातीठोक सांगता येत नाही, पण जन्मभर फवारणी केलेल्यांमध्ये हा जास्त दिसतो. मी भांडल्यासारखं विचारलं, "मग नाना कसे धडधाकट? पंप तर एकच होता!" ते म्हणाले, "पंप एक, पण अंग एक नाही. आत गेलेलं विष कुणाचं शरीर लवकर मोडून बाहेर टाकतं, कुणाच्यात ते रेंगाळतं. कुणाचं शरीर कसं, ते बाहेरून दिसत नाही." गुळाचं मी विचारलंच नाही.

येताना नळदुर्ग आलं तेव्हा आप्पा माझ्याकडं वळले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, तीन टोपणं म्या सांगितली. चारबी म्याच." मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला काय ठाऊक?" "माझं जाऊ दे गं. पोरांचं काय?" असं म्हणून त्यांनी बसूकडं बघितलं. बसू गाडी चालवत होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी गावातल्या सगळ्या फवारणीवाल्यांना ओट्यावर बोलावलं. सगळ्यांदेखत सांगितलं, "माझं नाक मेलंय. माझ्या शब्दावर कुणी टोपण घालायचं न्हाय. बाटलीवर लिवलंय तेवढंच. आता एकेकानं डोळं मिटून हुंगायचं. ज्याला वळखंना, त्यानं पंपाला हात लावायचा न्हाय, दवाखाना गाठायचा." ज्या माणसाची सारी पत नाकावर होती, त्याला हे बोलताना किती जड गेलं असेल! कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. पण आप्पांसमोर डबे मांडलेले होते, कापूर, हिंग, चहापत्ती. एकेक जण हुंगून बरोबर नाव सांगत होता आणि माझा जीव भांड्यात पडत होता.

बसू शेवटी बसला. आप्पांनी थरथरत्या हातानं कापूर पुढं केला.

"कापूर," बसू म्हणाला.

"डोळं उघडं हायती तुझं. मीट."

त्यानं डोळे मिटले. आप्पांनी कापूर खाली ठेवला आणि दुसरा डबा उघडला. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या मलाही त्याचा उग्र वास आला. बसू हुंगत राहिला. पुन्हा हुंगलं.

"कापूरच की," तो म्हणाला.

हिंग होता. ओट्यावर कुणी हसलं नाही. आप्पांनी डबा खाली ठेवला, बसूचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडले.

आप्पा गेले त्याला वर्ष होऊन गेलं. नाना अजून रोज शेतात जातात. बसूनं पंप सोडलाय, डॉक्टर म्हणतात वाट बघू. मी रोज सकाळी त्याला चहा देते आणि त्यानं कप तोंडाला लावेपर्यंत त्याच्या बोटांकडं बघत उभी राहते.