भटूची डावी बाजू

माणसाला आजार व्हायचाच असेल तर तो चारचौघांत सांगता येईल अशा जागी व्हावा, एवढीच माझी देवाकडे अपेक्षा होती. देवाने ती पाळली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, सुरतेत बमरोलीला राहायचो. माझा धाकटा, भटू, पॉवरलूमवर होता. बारा-बारा तास मशीनसमोर उभा. सुरतेतच पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या संगीताशी त्याचा साखरपुडा झालेला, लग्न दिवाळीनंतर. आणि हा पठ्ठ्या कामावरून आला की पाय फाकवून चालायचा. विचारलं की म्हणे, "काही नाही आई." काही नाही झालेला माणूस असा चालतो होय?

शेवटी त्याचे वडील त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मागोमाग मी. डॉक्टर गुजराती, आईला बा म्हणणारे. म्हणाले, "बा, तुम्ही बाहेर बसा." का म्हणून? याला लहानपणी आंघोळ कोणी घातली, डॉक्टरांनी? मी आतच बसले. (भिंतीकडे तोंड करून, पण आतच.)

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बा, गभरावा जेवुं कंई नथी. घाबरायचं काही नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पोटरीवर नसा फुगतात ना, तशा याच्या अंडकोषाच्या वरच्या नसा फुगल्यात. रक्त वर चढायला हवं, ते खाली साठून राहतं. बहुतेक डावीकडेच होतं हे. दिवसभर उभं राहिलं की ओढल्यासारखं दुखतं, आडवं पडलं की बरं वाटतं."

"मग सोडून द्या ना तसंच," मी भिंतीला म्हणाले.

"पुष्कळांना काहीच करावं लागत नाही. पण याला दुखतंय, आणि लग्न करायचंय. पुढे मूल व्हायला याचाच अडथळा होतो कधी कधी. जांघेत छोटा काप घेऊन त्या नसा बांधून टाकू. दुसऱ्या दिवशी घरी. थोडे दिवस वजन उचलायचं नाही, बस."

डॉक्टरला बस म्हणायला काय जातंय? त्याला थोडंच आमच्या गल्लीत राहायचं होतं. आमच्या माणसांत कोणी दवाखान्यातून आला की अख्खी गल्ली बिस्किटचा पुडा घेऊन भेटायला येते, आणि टाके बघितल्याशिवाय कोणाच्या गळ्याखाली चहा उतरत नाही. आता हे टाके मी कोणाकोणाला दाखवू? तो अंडकोष शब्द आज लिहितेय तरी. तेव्हा मान कापली असती तरी तोंडातून निघाला नसता.

म्हणून मी सगळ्यांना सांगून टाकलं, अपेंडिक्स. किती सभ्य आजार. पोटात असतो, काढून टाकला की त्याची कोणी आठवणही काढत नाही.

भटू घरी आला आणि शेजारची कमलबाई पहिली हजर. "काय व्हयनं रे भाऊ? दखाड ना टाका."

"डॉक्टरांनी उघडायला मनाई केलीय," मी मध्ये पडले.

"मी काय वारा घालणार आहे का त्याला?"

तिला कशीबशी चहावर बसवली, तोच दारात संगीताची आई. होणाऱ्या विहीणबाई. आणि यांचं स्वतःचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. हे मला साखरपुड्यात सांगायला काय झालं होतं? मानपान सगळं ठणकावून सांगितलं, नेमकं कामाचं तेवढं राहिलं.

त्या भटूकडे बघत राहिल्या. तो डाव्या जांघेवर हात ठेवून पडला होता.

"माझं तर उजवीकडे होतं," त्या म्हणाल्या.

कमलबाईने बशी खाली ठेवली. आणि मी, देवाशपथ, जराही न अडखळता बोलले, "आमच्या घराण्यात डावीकडेच असतं."

"घराण्यात?"

"यांचंही डावीकडेच. सासऱ्यांचंही होतं."

"माझं?" भटूचे वडील दारातून म्हणाले.

"तुम्ही गप बसा. तुम्हाला तुमचं काही माहीत असतं का?"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "अजून काय काय उलटं आहे घराण्यात? काळीज आहे ना जागेवर? पोरगी द्यायच्या आधी हे सांगायचं असतं, ताई. उद्या नातवंडं अशीच निघाली म्हणजे? मला घरी विचारावं लागेल. तोवर पत्रिका छापू नका."

आणि त्या पदर सावरून उठल्या. एक लाज झाकायला गेले आणि मुलाचं लग्न मोडायला निघालं.

तेव्हा भटू उशीला रेलून बसला. "मावशी, अपेंडिक्स नाही. अंडकोषाच्या नसा फुगल्या होत्या. बांधल्यात. संगीताला माहितीय."

"संगीताला?" आम्ही दोघी एकदमच.

"एसटीडी बूथवरून फोन करून सांगितलं होतं. तीच म्हणाली, लाजू नको, डॉक्टरला दाखव. नाहीतर मी कुठला जातोय."

म्हणजे बघा. साखरपुडा झालेली पोरं फोनवर काय गोड-गोड बोलत असतील म्हणून आम्ही काळजी करायचो, आणि ही नसांवर बोलत होती. दोघी आयांनाच तेवढा पत्ता नाही. मला इतका संताप आला की कोणावर करावा तेच कळेना. शेवटी कमलबाईच्या हातातला कप काढून घेतला. (चहा संपला नव्हता तिचा.)

विहीणबाई हळूच परत खाली बसल्या. "नसाच ना? मग एवढं काय त्यात. पोरीला आधी खरं सांगतो, असाच जावई पाहिजे. छापा पत्रिका." मग माझ्याकडे वळल्या. "फक्त ताई, इथून पुढे तुमच्या घरात कोणी आजारी पडलं तर ते तुम्ही सांगू नका. मी जावयालाच विचारीन."

एरवी कोणी मला असं बोलून गेलं असतं? त्या दिवशी मुकाट ऐकून घेतलं. उत्तर द्यायचं तर दुसऱ्या एखाद्या आजाराची थाप हवी होती, आणि अख्ख्या शरीरात माझ्यासाठी एकही जागा शिल्लक राहिली नव्हती.