बारीक मांड्यांची उंदरीण

प्रयोगशाळेतल्या पळणाऱ्या उंदरांच्या खोलीत साफसफाई करता करता मावशींना एकोणीस वर्षं झाली होती. खोलीभर पिंजरे, प्रत्येकात एक चाक आणि फेरे मोजणारं यंत्र. प्रत्येक पिढीत जे सर्वांत जास्त पळतील त्यांच्याच जोड्या लावायच्या; पलीकडच्या मांडणीवरच्या उंदरांच्या जोड्या मात्र, तुलनेसाठी, चिठ्ठ्या टाकून. म्हणता म्हणता साठ पिढ्या झाल्या. चिठ्ठीवाले आपले दिवसाला पाच हजार फेरे मारून निवांत झोपत, आणि या निवडलेल्यांच्या पायाला भिंगरीच!

एकदा पिंजरे धुताना मावशींनी एक उंदरीण उचलली, तर मागच्या मांड्या हाताला निम्म्याच लागल्या. गप्प बसल्या असत्या तर काही झालं नसतं. पण या खेपेला त्यांनी इमानेइतबारे वहीच्या कडेला लिहिलं, ‘पाय बारीक’, आणि आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला. प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी त्यापुढे लिहिलं, ‘आजारी. बहिणींसकट वगळा.’ वगळलेला उंदीर त्या खोलीत राहत नसे. कुठेच राहत नसे.

मावशी तडक मॅडमच्या टेबलाशी गेल्या.

“ती आजारी नाही हो. खाते, पिते, अंगावर तेज आहे.”

“मावशी, पायात मांस नाही, ती पळणार कशी?”

“ते तिलाच ठरवू द्या. सगळ्यांना ठेवता तसं सहा दिवस चाकावर ठेवा.”

पहिले चार दिवस सवयीचे, पाचवा-सहावा मोजायचा, असा तिथला नियम होता. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. पण मागे पडली तर मग हट्ट करायचा नाही.”

मावशींच्या जिवाला घोर लागला. नवरा म्हणाला, “सुनेचं बाळंतपण असल्यासारख्या येरझाऱ्या काय घालतेस?” त्यांना हसूही येईना.

पाचव्या सकाळी आकडा आला सतरा हजार दोनशे. त्या दिवशी तेरा हजारांपुढे दुसरं कुणीच नव्हतं. मावशी चपला घालायच्या विसरून मॅडमच्या खोलीत धावल्या. मॅडमनी आकडा दोनदा पाहिला. “यंत्र बिघडलंय,” त्या म्हणाल्या आणि नवं बसवलं.

सहाव्या दिवशी दोघीही वेळेआधीच हजर. नव्या यंत्रावर अठरा हजार चाळीस! मावशींना आनंदानं रडूच फुटलं. मॅडमनी हातमोजे चढवले, कित्येक वर्षांनी स्वतः उंदीर हातात घेतला आणि त्या बारीक मांड्या बोटांनी चाचपून पाहिल्या.

“असे पाय आधी कुणाचे लागले होते, मावशी?”

“हिच्या आईचे. आजीचेसुद्धा. चार पिढ्या झाल्या असतील.”

“मग बोलला का नाहीत?”

“वहीत वजनाचा रकाना आहे, फेऱ्यांचा आहे. पायांचा कुठे आहे?”

मॅडमनी वही ओढली, पट्टी लावून उभी रेघ मारली आणि नव्या रकान्यावर लिहिलं, ‘पाय: मावशींच्या हाताप्रमाणे’. मग पहिल्या पिंजऱ्याचं झाकण उघडून त्या पेन सरसावून उभ्या राहिल्या.

“हं, सांगा.”