मशीन चालू हाय न्हवं?

रिकामटेकड्या माणसाला जग सांभाळून घेतं, पण रिकामं बसलेलं यंत्र ज्यांच्या डोळ्यांत खुपतं असे गृहस्थ साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझ्या वाट्याला व्याही म्हणून आले. लेकीच्या लग्नाच्या बैठकीत सुपारी फुटायच्या आधी त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "पाव्हणं, तुमच्या घरात कॉम्प्युटर किती?" आमच्याकडची मंडळी गारठली. आली मागणी, असं मेहुणा माझ्या कानात पुटपुटला. मी पडेल आवाजात म्हणालो, एकच आहे आणि तोही जुना. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "आन् तुमी झोपल्यावर ते काय करतं?" मुलीची एवढी स्थळं पाहिली, पण ही चौकशी कोणी केली नव्हती.

व्याही आटपाडीकडचे. घराणं मेंढपाळांचं. ते स्वतः कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त झाले आणि मग त्यांनी कळप जमवला तो टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांचा. शाळेने मोडीत काढलेले दोन, फोटो स्टुडिओतला एक, असे करत सहा झाले. ही सहाही यंत्रं इंटरनेटवरून शास्त्रज्ञांची गणितं घेत, सोडवत आणि उत्तरं परत पाठवत. आपल्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद संशोधनाला दान करणारे असे लोक जगभर आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मे महिन्यात ती खोली इतकी तापायची की खिडक्यांना ओलं बारदान लावावं लागे. थंडीत एक कोकरू त्या उबेला यंत्रांमागे येऊन झोपे, त्यालाही ते हुसकत नसत. वीज गेली की इन्व्हर्टरवर यंत्रं चालत आणि आम्ही पाहुणे लग्नपत्रिकेने वारा घेत बसत असू.

पीक निघालं की शेतकरी धनगरांची मेंढरं रानात बसवतो, तेवढंच रानाला खत. व्याह्यांना सारं जग ह्याच हिशेबात दिसायचं. पतसंस्था असो, झेरॉक्सचं दुकान असो, आत शिरून ते विचारत, "रान मोकळंच पडलंय न्हवं? मग बसवू द्या की." पहिल्या दिवाळीला ते आमच्याकडे आले, नातवाच्या बातमीवर पेढा खाल्ला आणि पाच मिनिटांत माझ्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. मी चेष्टेने म्हणालो, "शेतकऱ्याला लेंडीखत तरी मिळतं, मला काय मिळणार?" ते मान वर न करता म्हणाले, "मिळंल की. कवातरी तुमचाबी हात हालंलच." हे त्यांनी शाप म्हणून नाही, दिलासा म्हणून सांगितलं.

हात हलत होता तो विहीणबाईंचा. उजवा. तरुणपणी त्या चातीवर, म्हणजे लाकडी फिरकीवर, लोकर कातायच्या, आणि त्यांचं सूत सारखं उतरतं म्हणून गावात नाव होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण बरा होणार नाही. तेव्हापासून व्याह्यांनी आपली सगळी यंत्रं त्या दुखण्याच्या संशोधनाला जुंपली. पडद्यावर शरीरातल्या कसल्याशा रेणूचा गुंतलेला धागा गरगरत असे. ते बायकोला जवळ बसवून दाखवायचे, "ह्यो गुंता सुटला की तुझा हात थांबतोय बघ." त्या माझ्याकडे बघून हसायच्या. "आवं दादा, लोकरीचा गुंता म्या एका दुपारी सोडवायची. ह्यांच्या सा मशिनींना वरीस पुरंना." आणि लगेच हळू आवाजात म्हणायच्या, "तुमीबी लावलंय म्हणं माझ्यासाठी. लय बरं वाटलं."

इथे मला कबुली द्यायला हवी. मी ते लावलं नव्हतं. म्हणजे व्याह्यांनी लावून दिलं होतं, पण पंखा असा घरघरायचा की बायको म्हणाली, हे दळण कुठवर चालणार? माझा पत्त्यांचा डावही अडखळू लागला. आठ दिवसांत मी ते काढून टाकलं. दर रविवारी सकाळी व्याह्यांचा फोन येई, "पाव्हणं, मशीन चालू हाय न्हवं?" मी म्हणे, "चालू आहे." ते म्हणत, "लय उपकार झालं." नात्यात एवढं खोटं चालतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

गेल्या हिवाळ्यात विहीणबाई गेल्या. तेराव्याला आम्ही गेलो तेव्हा त्या खोलीत यंत्रं चालूच होती. कोणी भाऊबंद म्हणाला, आता तरी बंद कर रं. व्याही म्हणाले, "तिच्यासारखी लय जणं हायती." मी तिथेच खुर्चीवर टेकलो. समोर पडद्यावर कामाला लावलेल्या यंत्रांची यादी होती. सहाच्या खाली सातवं नाव होतं, 'सांगलीचं पाव्हणं', आणि त्यापुढे शेवटचं काम पाठवल्याची तारीख, त्याच पहिल्या दिवाळीच्या आठवड्यातली. ही यादी ते रोज बघत होते. लेक पाणी घेऊन आली, तिला मी विचारलं, ह्यांना सगळं माहीत होतं, तर दर रविवारी विचारायचे कशाला? ती म्हणाली, "बाबा, फोन स्पीकरवर असायचा. आईंना ऐकवायला."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ते पुन्हा लावून घेतलं. पंखा दिवसभर घरघरतो, बायको काही म्हणत नाही. विहीणबाईंची फार आठवण येते, आणि 'चालू आहे' हे दोन शब्द एकदा तरी खरे करून त्यांना ऐकवायला हवे होते असं वाटत राहतं. व्याह्यांचा फोन अजून दर रविवारी येतो. पाऊस, नातवाचे दात, माझं गुडघ्याचं दुखणं, सगळं बोलणं होतं. बोलणं संपलं तरी मी फोन कानालाच धरून ठेवतो. ते मशीनचं काही विचारत नाहीत.