वगळलेल्या अकरा नोंदी

वेधशाळेच्या मोजणी विभागात तिला सगळे ‘काटेकोर ताई’ म्हणायचे. वीस वर्षं तिचं काम एकच: दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा प्रकाश तपासायचा आणि तारा किती डोलतोय ते काढायचं. भोवती फिरणारा ग्रह ताऱ्याला जरासा हिसका देतो. हिसका जेवढा मोठा, तेवढा ग्रह जड. शांत, वयस्क ताऱ्यांचं हे गणित सरळ असतं. तरुण ताऱ्यांचं मात्र भलतंच. अंगभर डाग, त्यात गरगर फिरणं. डाग सरकले की ग्रह नसतानाही तारा डोलल्यासारखा दिसतो.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका तरुण ताऱ्याच्या ग्रहाचं वजन काढायचं काम तिच्याकडे आलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी प्रत्येक आकड्यावर ‘कशावरून?’ विचारायचा, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

“ताई, हा ग्रह एवढा जड नाही,” तो म्हणाला. “बरंचसं काम डागांचं आहे.”

ती चरकली. त्रेपन्न नोंदींपैकी अकरा तिच्याही डोळ्यांत खुपत होत्या; त्या धरल्या तर ग्रहाचं वजन खाली येत होतं. पण विभागाच्या प्रमुखांना परिषदेत मोठा आकडा जाहीर करायचा होता, आणि तिलाही तो हवा होता. त्या अकरा नोंदींपुढे तिने ‘यंत्र तापलं होतं’ असा शेरा मारला आणि त्या गाळून टाकल्या. यंत्र तापलं नव्हतं.

बैठकीत शंकासुर उभा राहिला. “यंत्र तापलं होतं, हे कशावरून?”

“मी लिहिलंय ना,” ती म्हणाली.

झालं. काटेकोर ताईंच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकणार? सगळे हसले. वर्षअखेरीस त्याचा करार वाढला नाही. निरोप घ्यायला तो तिच्या टेबलाशी आला, तेव्हा ती उगाच कागद चाळत बसली.

यंदा दुसऱ्या एका वेधशाळेने जुन्या नोंदी मागवल्या. पाठवण्याआधी तिने त्या अकरा परत घातल्या, डागांचा हिशेब नीट वेगळा केला. ग्रहाचं वजन जेमतेम पाचवा हिस्सा उरलं.

घरी ती ताट तसंच ठेवून उठली. नवऱ्याने विचारलं, “बरं नाही का?”

“मी एका माणसाची नोकरी घालवली.”

“अगं, मुद्दाम थोडीच केलंस!”

“मुद्दामच केलं,” ती म्हणाली.

शंकासुर आता चष्म्याच्या दुकानात कामाला होता. ती गेली तेव्हा एका फ्रेममध्ये काच बसवत होता. तिला पाहून त्याने सरळच विचारलं, “किती निघालं?”

“पाचवा हिस्सा.”

“मी चौथा म्हणत होतो,” तो हसला. मग हसू मावळलं. “यंत्राचं तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. “मला इतकी वर्षं वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. बायकोलाही मी हेच सांगितलं. ताई, पुन्हा या, असं म्हणवत नाही मला.”

तिने लिहिलेला वजनाच्या दुरुस्तीचा लेख त्याच्याही नावाने छापून आला. बैठकीत प्रमुख म्हणाले, “चूक कबूल करायला मोठं मन लागतं.” टाळ्या वाजल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण लेखात ‘चूक’ एवढंच लिहिलं होतं, आणि ते तिनेच लिहिलं होतं. ती उठली.

“चूक नव्हती ती. यंत्र ठीक होतं. मला माहीत असून मी खोटं लिहिलं.”

टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या.

आठवड्याभरात तिच्याकडून मोजणीचं काम काढून घेतलं आणि तिला जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. संस्थेने शंकासुराला परत बोलावलं. त्याने नकार कळवला, फक्त सगळ्या नोंदींच्या प्रती मागितल्या. तिने त्या स्वतः काढून पाठवल्या, सोबत चार ओळींचं पत्र. उत्तर आलं नाही. टपाल वाटणारा दारावरून गेला, की अजूनही तिची मान वर होते.